सम्राट विरजण मागायला गेला

एक होता राजा. राजा होता तोवर बरा होता. पुढे तो सम्राट झाला आणि तिथून सगळं बिघडलं. शकू, पाय आत घे. नंदू, तू भिंतीकडे सरक. हं.

तर त्या राजाचं नाव रणधवल. राज्य त्याचं एवढंसं, परसातल्या वाफ्याएवढं. पण घोडा दौडवावा तर त्यानंच. मग त्यानं काय केलं, पूर्वेचं राज्य जिंकलं. मग दक्षिणेचं जिंकलं. मग पश्चिमेचं. कुणाकडे काही मागायचं नाही, हवं ते घ्यायचं, असा त्याचा खाक्या. माणूस वाईट नव्हता, बरं का. आईवर फार जीव त्याचा. पण जिंकायची चटक लागली की सुटत नाही. तुमची चिंचा खायची सुटते का?

उत्तरेला राहिलं होतं चिमुकलं पिंपळदरा. तिथं राणी सगुणा राज्य करायची आणि आपलं ताक आपणच घुसळायची. तिचं नदीकाठचं गायरान रणधवलानं आधीच घेतलं होतं. आता दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं आणि उरलेलंही घ्यायचं, असं ठरलं.

आणि एक दिवस काय झालं, राजवाड्यात दही लागेना.

दूध तापवलं, निववलं, विरजण घातलं. सकाळी बघतात तर दूध तसंच. राजवाड्यात नाही, वाण्याकडे नाही, कुंभाराकडे नाही, साऱ्या साम्राज्यात कुठंच दही लागेना. दही नाही म्हणून ताक नाही, ताक नाही म्हणून लोणी नाही, लोणी नाही म्हणून तूप नाही. देवापुढची निरांजनं कोरडी पडली. आणि नेमक्या त्याच वेळी राजाच्या आईसाहेब आजारी पडल्या. त्यांना अन्न जाईना. वैद्य म्हणाले, "पोटात काहीतरी जायला हवं, नाहीतर कठीण आहे."

आईसाहेब म्हणाल्या, "दहीभाताचा एक घास गेला तर जाईल. दुसरं काही नको."

साधा दहीभात, पण सम्राटाच्या घरी मिळेना. रणधवलानं शिपाई पाठवले. त्यांनी पिंपळदऱ्यातल्या एका घरातून दह्याचं मडकंच उचलून आणलं. त्यातलं विरजण घातलं, तर सकाळी दूध नासलं. राजवाडाभर वास सुटला.

मग आईसाहेबांनी त्याला जवळ बसवलं. "धवला, तुझ्याआधी तीन मोठी साम्राज्यं होऊन गेली. शेवटी शेवटी त्यांच्याकडंही दही लागेनासं झालं होतं, असं माझी आजी सांगायची. जा, त्यांच्या राजधान्यांत विचारून ये. पण लवकर ये रे बाबा."

मग राजा निघाला. एकटाच.

पहिली राजधानी सोनगढ. तट ढासळलेले, वेशीत एक दगडी हत्ती, सोंडेवर शेवाळ. राजानं त्याच्या अंगावर ओंजळभर पाणी घातलं, तसे हत्तीनं कान हलवले. हो, दगडाचे कान. गोष्टीत हलतात.

हत्ती म्हणाला, "आमचा पहिला राजा शिपायांच्या पंगतीत बसायचा, त्यांच्या भाकरीतली चतकोर मागून खायचा. त्याच्यासाठी लोक जीव ओवाळून टाकत. त्यानं रस्ते बांधले, दुतर्फा झाडं लावली. तू त्यांच्याच सावलीतून आलास. मग त्याचा नातू गादीवर बसला. तो म्हणाला, दुसऱ्याच्या घरचं आपल्याला काही नको. वेशी बंद केल्या, शेजार तुटला. एका उन्हाळ्यात आग लागली, तर हाक मारायला शेजाऱ्याचं नावच कुणाला ठाऊक नव्हतं."

राजा पुढे निघाला.

दुसरी राजधानी तांबडगढ. तिथं सिंहासन फोडून वड उगवला होता. राजानं त्यालाही पाणी घातलं. वड म्हणाला, "आमचं राज्य न्यायानं मोठं झालं. राजाचा भाऊ असो की गुराखी, न्याय एकच. पुढे पुढे नुसता राग उरला. चुकला तर फटके, हसला तरी फटके. उकळत्या दुधात विरजण घातलं तर काय होतं रे?"

"नासतं," राजा म्हणाला. एवढं त्याला आता कळायला लागलं होतं.

"तसंच झालं. शत्रू आलाच नाही. आमचे आम्हीच एकमेकांवर उठलो."

तिसरी राजधानी नीलतळं. सुंदर तळं, घडीव पायऱ्या आणि चिटपाखरू नाही. पाण्यातून एक म्हातारं कासव वर आलं. ते म्हणालं, "आमचा राजा शहाणा. त्यानं तळी खोदली, धान्याची कोठारं भरली, दुष्काळात कुणाला उपाशी ठेवलं नाही. जाताना मुलाला म्हणाला, सांभाळ. मुलानं सांभाळलं. फारच सांभाळलं. घराघरात हेर. कोण काय बोलतं, कोण काय रांधतं, सगळं बघायचं. सारखं झाकण काढून बघितलं तर दही लागेल का? लोक गाठोडी बांधून निघून गेले. शेवटी राजा आणि मी उरलो. वाईट नव्हता रे तो. याच पायरीवर बसून मला चुरमुरे घालायचा."

हे ऐकून रणधवलाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पायरीवर त्याला तो स्वतःच बसलेला दिसला.

"मग मी काय करू?"

"मी कासव, मला काय कळतंय. पण विरजण कुणाच्या घरी आपोआप होत नाही. ते शेजारून मागून आणायचं असतं."

मग राजा पिंपळदऱ्याकडे वळला. सीमेवर त्याचीच फौज तळ ठोकून बसली होती. सेनापती धावत आला, "महाराज, काय हुकूम?"

"घरी जा," राजा म्हणाला. घोडा त्याच्या हाती दिला आणि पायी निघाला.

सगुणाराणीच्या दारात पोचेपर्यंत दिवेलागण झाली. ती समई लावत होती. राजाचे ओठ हलेनात. 'मागणे' हा शब्द त्यानं जन्मात उच्चारला नव्हता. शेवटी कसाबसा म्हणाला, "थोडं विरजण मागायला आलोय. माझी आई आजारी आहे."

राणीनं त्याला नीट बघून घेतलं. "मागं तुमच्या शिपायांनी मडकं नेलं, त्याचं काय झालं?"

"नासलं."

"नासणारच. दिवेलागणीनंतर आमच्याकडे विरजण देत नाहीत. हात धुवा, जेवा, ओटीवर घोंगडी टाकून देते. सकाळी न्या."

बघा हं, चार राज्यांचा धनी, आणि घोंगडीवर निजला. तिकडे आई, इकडे हा. पण रीत म्हणजे रीत, ती सम्राटासाठी मोडत नाही.

उजाडल्यावर राणीनं आपल्या पितळेच्या वाटीत विरजण घातलं, वर पान झाकलं. म्हणाली, "वाटी परत आणून द्या. आणि रिकामी आणू नका."

राजा धापा टाकत घरी आला. आई अजून होती. त्यानं स्वतः दूध तापवलं, बोट बुडवून बघत बघत कोमट केलं, विरजण घातलं आणि झाकण ठेवलं. आचारी म्हणाला, "जरा बघू का?" राजा म्हणाला, "कुणी हात लावायचा नाही." त्यालाही फार बघावंसं वाटत होतं, पण नाही बघितलं.

दही असं लागलं, असं लागलं, की कवडीच पडावी. आईसाहेबांनी एक घास खाल्ला. मग दुसरा खाल्ला. मग म्हणाल्या, "लोणचं आहे का रे?" माणसानं लोणचं मागितलं की तो बरा झाला समजायचं.

आता वाटी परत करायची. प्रधान म्हणाला, मोती भरा. खजिनदार म्हणाला, मोहरा भरा. आईसाहेब म्हणाल्या, "तिचं जे आपल्याकडे आहे, ते भर."

राजा उठला. नदीकाठच्या गायरानातलं ढेकूळ त्यानं वाटीत ठेवलं आणि नेऊन दिलं. सगुणाराणीनं ती माती कपाळाला लावली. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली, लोण्याचा गोळा घेऊन.

मग पूर्वेचा जुना राजा भीतभीत वाटी घेऊन आला. त्याला विरजण दिलं आणि त्याचं राज्यही दिलं. मग दक्षिणेचा आला, त्याला दिलं. मग पश्चिमेचा. रणधवलाकडे उरलं आपलं एवढंसं, वाफ्याएवढं. लोक म्हणतात, चौथं साम्राज्यही बुडालं. बुडालं तर बुडालं. पण कुणाचं घर जळलं नाही, कुणी कुणावर उठलं नाही, कुणी गाठोडं बांधलं नाही. त्या दिवशी पाचही राज्यांत घरोघरी दहीभात झाला. सगळे पोटभर जेवले, सुखानं राहिले, आणि ती पितळेची वाटी अजून या घरातून त्या घरात फिरते आहे. रिकामी कधीच नाही.

झालं. आता डोळ्यांवर झाकण ठेवा बघू. आणि नंदू, झोप लागली का म्हणून मध्येच उघडून बघायचं नाही.