बहात्तर हातांची रांगोळी

राजकन्या मंजुळेचं गणित बंद करा, म्हणून दरबारातले हरिहरशास्त्री महाराजांपाशी हटूनच बसले. "नाहीतर तिनं बरोबर बहात्तर चौरस हातांची चौरस रांगोळी घालून दाखवावी!" बहात्तरचं वर्गमूळ पुरतं निघत नाही, म्हणून ते निर्धास्त होते.

मंजुळेनं सहा हात बाजूचा चौरस आखला आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली. "छत्तीस दुणे बहात्तर. छत्तिसाचं मूळ सहा, ते बाहेर काढलं. तिरक्या दोरीवरचा चौरस या चौरसाच्या दुप्पट, म्हणून दोनाचं मूळ या दोरीनं सांभाळलं. ही दोरी म्हणजेच रांगोळीची बाजू."

"पण दोनाचं मूळ पुरतं निघालं कुठे?" शास्त्री गुरगुरले.

"ते आत सुखात आहे, शास्त्रीबुवा. त्याला बाहेर ओढायचा हट्ट तुमचा. मला रांगोळी घालायची होती."

महाराज खळखळून हसले. दुसऱ्या दिवशी गणिताच्या शिकवणीला शिष्यांसाठी दोन पाट मांडले होते. एक शास्त्रीबुवांचा.