थोरल्याची तहान

माझ्या थोरल्या भावाला डिझेल जास्त लागतं असं सगळे म्हणायचे, पण त्याला ते पाजत कोण होतं?

गाड्यांना अजून वाचा होती, तेव्हा आम्ही दोघे पिकअप सांगोल्याच्या एका शेठची डाळिंबं वाहायचो. माझा एसी आपोआप चालायचा. केबिन गार झाली की स्वतःच दम घ्यायचा. दादाच्या एसीला हाताने फिरवायचं बटण होतं. त्याचा ड्रायव्हर शिरपा सकाळीच ते शेवटपर्यंत फिरवायचा आणि थंडी वाजली की बटण मागे घ्यायचं सोडून काच खाली करायचा. दादा बिचारा डिझेल जाळत अख्खा माळ गार करत पळायचा.

"दादा, नाही म्हण की त्याला," मी चिडायचो.

"बटण त्याच्या हातात आहे, बाळा. आपण ओढायचं."

उन्हाळा सरता सरता शेठ म्हणाला, "धाकटा शहाणा, जपून पितो. थोरला अधाशी. भंगारात द्या त्याला."

"शेठ, आधी शिरप्याला विचारा," मी ओरडलो.

शिरपा हसला. "लहान तोंडी मोठा घास घेतोय बघा, शेठ." आणि तो माझ्याच केबिनमध्ये येऊन बसला.

दादाची बॅटरी त्यांनी आधीच काढून घेतली होती. म्हणून त्याला दोराने माझ्याच मागे बांधलं. भंगारवाल्याचा रस्ता सगळा उखडलेला होता. शिरपा शिव्या देत राहिला, तरी प्रत्येक खड्ड्यापाशी मी हळू झालो, दादाला हिसका बसू नये म्हणून.