हौसाक्काने लावलेलं दही

एका राज्यात अशी रीत होती की तळहातावर दही घेतल्यावाचून कोणी वेस ओलांडायची नाही. मग तो सेनापती असो नाहीतर गाढवं हाकणारा. एकदा धूम्रकेश नावाचा मांत्रिक राजाकडे पाहुणा म्हणून आला, महिनाभर जेवला, आणि निघाला त्या दिवशी राजाला शिकारीची घाई. राजाने त्याला कोरड्या हातानेच वाटेला लावलं. चूक राजाची, भोगलं प्रजेने. हे असंच चालतं.

मांत्रिक गेलाच नाही. वेशीच्या आतल्या टेकडीवर त्याने एका फुंकरीत काळा मनोरा उभारला, घराघरातलं विरजण ओढून सोन्याच्या घड्यात कोंडलं आणि शाप उच्चारला: "या राज्यात आता दूध फक्त नासेल. दह्यावाचून वेशीबाहेर पडेल तो पक्षी होईल. पक्षी रोज माणसाची भाषा थोडी थोडी विसरेल, आणि शेवटचा शब्द गेला की पक्षीच राहील. माझ्या मनोऱ्यात, माझ्या डोळ्यांदेखत, विरजणावाचून कोणी दही लावलं, तरच हा शाप फिटेल."

राजाचे बारा आचारी मनोऱ्यात गेले. त्यांनी उकळत्या दुधात लिंबं पिळली आणि चोथापाणी घेऊन खाली उतरले. जन्मभर दुसऱ्याने तापवलेलं दूध प्यालेली माणसं ती!

गवळीवाड्यात हौसाक्का राहत असे. पाच म्हशी आणि एक लेक, मंजुळा. शेजारणीला कळा सुरू झाल्या तेव्हा मंजुळा सुईणीला आणायला वेशीबाहेर धावली आणि साळुंकी होऊन परतली. पण सुईणीला घेऊनच परतली. बाळ सुखरूप झालं. मंजुळेचे शब्द मात्र रोज झडू लागले. एका पहाटे तिच्यापाशी तीनच उरले.

हौसाक्काने घोंगडी खांद्यावर टाकली, कनवटीला काहीतरी खोचलं.

"आई, जाऊ नको," साळुंकी म्हणाली.

"गप बस. अंगभर पिसं फुटली तरी मलाच शिकवतेस?" असं म्हणून तिने लेकीला खांद्यावर बसवलं आणि टेकडी चढली.

धूम्रकेश सोन्याच्या घड्याला टेकून बसला होता. "आचारी हरले. म्हातारे, तू कोण?"

"मी म्हशीवाली. दूध कुठंय?"

त्याने बोट दाखवलं. चुलीवर दूध रटरटत होतं. "पहिली अट. हे निववायचं. फुंकर नाही, वारा नाही, पाणी नाही."

हौसाक्काने दोन मडकी घेतली. या मडक्यातून त्या मडक्यात, त्यातून यात, हातभर उंचीवरून दुधाची धार धरली. फेस आला, वाफ उडाली. मधूनमधून ती करंगळी बुडवून पाही.

"झालं?" मांत्रिकाने विचारलं.

"नाही."

"आता?"

"तुला भूक लागलीय का? धीर धर." शेवटी करंगळी दुधात सुखाने राहिली, तेव्हा ती थांबली.

"दुसरी अट," तो हसला. "विरजण नाही. सारं या घड्यात आहे."

हौसाक्काने कनवटीच्या दोन हिरव्या मिरच्या काढल्या आणि देठासकट दुधात सोडल्या.

"मिरच्या? दूध तिखट होईल, खुळे!"

"अख्ख्या आहेत. चिरायला कोणी सांगितलंय? दूध देठाने विरजतं. तुझ्या पोथीत नसेल, माझ्या आईला ठाऊक होतं." तिने झाकण ठेवलं, मडकं घोंगडीत गुंडाळलं आणि मांडीत घेऊन बसली.

धूम्रकेशाचं हसू मावळलं. "तिसरी अट. सूर्य बुडेपर्यंत मडकं हलता कामा नये, झाकण उघडता कामा नये."

दुपारी मनोरा गदगदा हलला. तिने गुडघे आवळले. मडकं जागचं हललं नाही. मग छतातून वाघ उतरले. "हड," ती म्हणाली, आणि वाघ कोपऱ्यात जाऊन बसले.

तेव्हा मांत्रिक साळुंकीपाशी गेला. "नको," ती ओरडली, आणि तो शब्द गेला. मागोमाग "जाऊ" गेला. ऊन कलताना उरला एकच. "आई," ती म्हणत राहिली, "आई, आई," आणि मग नुसतीच किलबिलली.

"संपलं," मांत्रिक कुजबुजला. "झाकण उचलून बघ तरी. दही लागलं नसेल, तर कशासाठी बसलीस? लेकीला जवळ घे."

हौसाक्काचा हात झाकणावर गेला. अर्धवट लागलेलं दही एकदा मोडलं की पुन्हा लागत नाही, हे त्या बोटांना पन्नास वर्षं ठाऊक होतं. तिने हात ओढला, दोन्ही तळवे मांड्यांखाली घातले आणि डोळे मिटून बसून राहिली. गालांवरून पाणी वाहिलं, तेही तिने पुसलं नाही.

सूर्य बुडाला. तिने झाकण काढलं, मडकं कलतं केलं. आतलं पांढरंशुभ्र दही जागचं ढळलं नाही.

"पातळ आहे," मांत्रिक पुटपुटला.

"पहिलं पातळच असतं. पण दही आहे. ऊठ माझ्यासमोरून!"

सोन्याचा घडा तडकला आणि धूम्रकेश धूर होऊन खिडकीतून निघून गेला. हौसाक्काने बोटभर दही चोचीला लावलं. पिसं गळाली. समोर मंजुळा उभी होती, ओठ चाटत.

"आई," ती म्हणाली, "साखर घालायची राहिली."

हौसाक्काने तिला एक धपाटा घातला आणि मग इतकं घट्ट धरलं की मंजुळा ओरडली.

टेकडीवरून दही खाली उतरलं. चोचीचोचीला लागलं, झाडाझाडाखाली माणसं उभी राहिली. राजा अनवाणी आला आणि अर्धं राज्य देऊ लागला. "अर्ध्या राज्याचं शेण कोण काढणार?" हौसाक्का म्हणाली. "तू रोज सकाळी वेशीवर उभा राहा. जाणाऱ्याच्या हातावर दही तू घालायचंस." राजाने मान लववली. त्या दिवसापासून त्या राज्यात कोणी कोरड्या हाताने निघालं नाही, आणि निघालेलं कोणी परतायचं राहिलं नाही.