टोलनाक्याचा सरदार आणि भाकरीवाली

इठाबाईला दिवस मावळायच्या आत नाक्याबाहेर काढायचं, असा जालिंदर सरदाराचा शब्द पडला. झालं! सरदाराचा शब्द कधी मोडत नसे. माणसं मोडत.

जग बुडून बरीच वर्षं झाली होती. शहरं मातीत गेली, नद्या आटल्या, आणि साऱ्या मुलखात गोडं पाणी उरलं ते एका जुन्या टोलनाक्याच्या विहिरीत. तिथे जालिंदर ठाण मांडून बसला होता. वाईट म्हणावं, तर त्याच्या नाक्यावर आजवर कोणी तहानेनं मेलं नव्हतं. चांगला म्हणावं, तर शेजारच्या दोन वस्त्या त्यानं जाळल्या होत्या. जाळल्या, आणि तिथली पोरं आणून आपल्या पंक्तीला जेवायला बसवली. लुटायला गेला तरी पायताण उंबऱ्याबाहेर काढायचा. आईचं वळण! हातात कायम लोखंडाची जाड ढाल, तिच्यावर उठावाची अक्षरं: 'थांबा'.

आणि इठाबाईचा गुन्हा काय? तर भिंतीच्या फटीतून एका परक्या लेकुरवाळीला आपल्या वाटणीचं पाणी दिलं.

"अगं इठे, परक्याला पाणी देणारा तो परका, हे तुला ठाऊक नव्हतं?" सरदार गरजला.

"मला ठाऊक होतं की! त्या पोराला ठाऊक नव्हतं. ते रडत होतं."

"कायदा म्हणजे कायदा!"

"बरोबर आहे. मग उद्याच्या भाकऱ्या कोण थापणार?"

सरदाराची नजर तिच्या चुलीकडे गेली. इठाबाईचा तवा म्हणजे कुठल्याशा मोटारीच्या चाकाची झाकणी, तिलाही मधोमध भोक. पण भाकरी अशी फुगायची की बघत राहावं. मागे ती तापानं पडली, तेव्हा दारावरच्या बाजीबानं भाकऱ्या केल्या होत्या. त्यातली एक अजून दाराला टेकू म्हणून लावलेली होती.

"उद्या सकाळी माझ्या ताटात तुझ्याच हातची भाकरी पाहिजे," सरदार म्हणाला. "इथल्या चुलीवरची, गरम! हाही माझा शब्द!"

"म्हणजे बाहेरही जायचं, आणि आत बसून भाजायचंही?"

"एकही शब्द मोडायचा नाही. कसं ते तू बघ! नाही जमलं, तर बाहेर वाळू आहे आणि कोल्ही आहेत."

बाजीबानं दारावरची पाटी घडाघडा म्हणून दाखवली, "बाहेर गेलेल्याला सरदारांच्या शब्दाशिवाय आत घेतलं जाणार नाही!" त्याला वाचता येत नव्हतं. पण पाटी पाठ होती.

इठाबाईनं परात धुतली, पालथी घातली आणि पदर खोचला.

"उघड रे दार, बाजीबा."

सारा नाका गोळा झाला. आजवर बाहेर काढलेले कोणी रडत गेले, कोणी सरदाराच्या सात पिढ्या उद्धरत गेले. इठाबाई मात्र शेजारणीकडून विरजण घेऊन निघावं तशी निघाली. बाहेर भिंतीच्या सावलीत ती लेकुरवाळी बसली होती. तिला हात देऊन उठवलं, शेजारी उभं केलं आणि मागे वळून सरदाराला हात जोडले.

"बरंय सरदार, येते हं!"

दारातून निघालेली बाई 'येते' म्हणाली, आणि लहानपणी अंगात भिनलेलं वळण सरदाराच्या तोंडून आपसूक निसटलं:

"या हं! सावकाश या!"

इठाबाई तश्शी आत आली. मागोमाग लेकुरवाळी.

"अगं, अगं! कुठे?"

"आत! तुम्हीच 'या' म्हणालात ना? काय रे बाजीबा, सरदारांचा शब्द ऐकलास का?"

"ऐकला," बाजीबा म्हणाला. "सावकाश या म्हणाले. घाई तूच केलीस, इठाक्का."

सरदारानं मिशी चावली. "बरं, तू ये. पण ही कोण?"

"एकटीला 'ये' म्हणतात, सरदार. तुम्ही 'या' म्हणालात. म्हणजे आम्ही दोघी, आणि कडेवरचं तिसरं!"

"ते... ते मी आदरानं म्हणालो!"

"आदर? भाकरीवालीचा? जन्मभर 'अगं इठे' करणारे तुम्ही! बरं, असेल. मग उद्यापासून चारचौघांत 'अहो इठाबाई, भाकरी वाढता का?' असं म्हणायचं. आहे कबूल?"

दोन वस्त्या जाळलेला माणूस घटकाभर ढालीकडे बघत राहिला. मग त्याचं पोट हललं, मग दाढी हलली, आणि तो असा खदाखदा हसला की विहिरीतून हसू परत आलं.

"दोघींना! दोघींनाच म्हणालो!" डोळे पुसत तो ओरडला. "बाजीबा, त्या पोराला पाणी दे. आणि इठे, तुझा तो भोकाचा तवा फेक. ही घे!"

आणि त्यानं हातातली ढाल तिच्या चुलीवर ठेवली.

तेव्हापासून नाक्यावरच्या प्रत्येक भाकरीवर उलट्या अक्षरांत 'थांबा' उमटतं. कोणी थांबत नाही!