ऐरणीची ऊब

"माझी ताकद गेली कुठं, बाबा? तेवढं सांग. बाकी काही नको."

फकीर चिलमीत तंबाखू ठासत होता. त्यानं वर बघितलं नाही.

झुंबरबाईनं डाव्या हातानं ओढत आणलेला घण त्याच्यापुढं टाकला. घिसाड्यांत, या फिरत्या लोहारांत, घण बाईनंच मारायचा. गडी सांडशीत लोखंड धरून बसतो. तीस वर्षं झुंबरनं लोखंडाला वठणीवर आणलं होतं, आणि आता उजवा हात खांद्याच्या वर जाईना. तीन दिवस भाता बंद. सून हौसा मारायला तयार होती, पण झुंबर घणाला हात लावू देईल तर शपथ. निजतानाही उशाशी घेऊन निजायची.

चिंचेखाली, फकिराच्या मुक्कामाच्या तकियापाशी, दुपार पेंगत होती. सावल्या पाण्यासारख्या हलत होत्या. गाड्याचे बैल डोळे मिटून रवंथ करीत होते.

"कुणी चोरली म्हणतेस?"

"हिनं!" झुंबरनं सुनेकडं बोट केलं. "घरात आली अन् माझा हात पडला. माझ्याच भाकरीवर पोसली भवानी."

हौसा पदर खोचून गाड्याशी उभी होती.

"विस्तू दे," फकीर म्हणाला. "चिलीम पेटवायचीय."

"भाता बंद हाय. काडेपेटी न्हाई व्हय तुझ्याकडं?"

"घिसाड्याची बाई... अन् काडेपेटी मागते."

झोंबलं. ऐकून घेणारी ती नव्हेच. तिनं गाड्यातली बारकी सळई ओढली अन् गाड्यापुढं रोवलेल्या ऐरणीशी बसली. गार सळई ठोकून ठोकून लाल करायची, त्यावर चिंधी पेटवायची, ही तिच्या सासूची विद्या. अट एकच. हात थांबता कामा नये.

तिनं घण उचलला. अर्ध्यावर हात पडला.

पुन्हा उचलला. पुन्हा पडला.

फकीर न पेटलेली चिलीम तोंडात धरून बसून राहिला.

"...हौसे."

"जी, आत्याबाई."

"तोंड काय बघतीस? उचल."

हौसानं घण उचलला. झुंबर सळईचं टोक फिरवत राहिली. "सावकाश कुणाला मारतीस, नवऱ्याला? हाण! थांबलीस की मेलं सगळं. हाण!"

चिंच, बैल, दुपार, सगळं त्या ठोक्यांत डुलायला लागलं. टोक काळ्याचं जांभळं झालं. जांभळ्याचं लाल. चिंधी धुमसली, चिलीम पेटली.

फकिरानं डोळे मिटून झुरका घेतला.

"कुणाची गं ही आग?"

"हिची," झुंबर नाइलाजानं म्हणाली. "घामानं भिजलीय की."

"हिला कुणी दिली?"

"भाकरीनं. मी थापलेल्या."

"अन् भाकरीत कुठनं आली?"

झुंबरनं वर बघितलं. चिंचेतून ऊन तिच्या मांडीवर गळत होतं, थेंबाथेंबानं. पल्याडच्या रानात ज्वारी उभीच्या उभी त्यात बुडाली होती. तिची नजर त्या उन्हावरच खिळली...

पण हटेल ती झुंबर कसली.

"असंल ते असंल. माझी मला परत पायजे."

"देतो. ऐरणीवर हात ठेव."

ठेवला. लोखंड उबदार होतं, निजलेल्या लेकराच्या पाठीसारखं.

धूर वर गेला अन् पानांत विरला. एका बैलाची घंटा झोपेतच वाजली. हौसाच्या कपाळावरचा घाम वाळला.

"आता?"

"गार."

"ऊब होती ना पण?"

"होती की! हाताला लागत होती. मी काय खोटं बोलते?"

तिचा डावा हात सुनेच्या हातातल्या घणाकडं गेला... अन् अर्ध्यातच राहिला.

फकिरानं चिलीम उलटी करून राख वाऱ्यावर सोडली.

"ती ऊब आधी गोळा करून आण, माय. मग तुझी ताकद बघू."