न रंगवलेला पाय

एका नगराच्या जुन्या पेठेत एकदा एक वृद्ध कारागीर आपल्या एकुलत्या एका शिष्यासह ध्वनिवर्धक बांधीत असे. घरच्या घरी असे ध्वनिवर्धक बांधणाऱ्या हौशी मंडळींना जुने, गंजलेले ट्रान्सफॉर्मर नीट करून आणि रंगवून देणे, हाही त्याच्या व्यवसायाचा भाग होता. ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंडी पत्र्यांच्या चवडीत तांब्याची तार गुंडाळलेला एक जड ठोकळा. विजेचा जोर कमी-अधिक करून तो यंत्राला पुरवतो, एवढेच त्याचे काम. वास्तविक तो पेटीच्या आत राहिला तरी चालते. परंतु हौशी माणसे तो पेटीच्या माथ्यावर उघडा बसवतात आणि मग स्थळ पाहायला आल्याच्या थाटात त्याचे रूप न्याहाळतात.

शिष्य तिशीतला होता आणि हाताचा अत्यंत साफ होता. गंज खरवडावा तो त्याने, आणि रंगाचा हात फिरवावा तोही त्यानेच. ब्रशची एक रेघ म्हणून दिसत नसे. गुरूच्या रंगकामात मात्र त्याला एक वैगुण्य फार खटके. प्रत्येक ट्रान्सफॉर्मरच्या एका पायाच्या तळाशी बोटाच्या पेराएवढी जागा गुरू कोरी सोडीत. तेवढ्या भागात लोखंड उघडे, ओरखडलेले असे.

"गुरुजी, तेवढे राहिले," शिष्य म्हणे.

"राहू दे," गुरू म्हणत, आणि कामाला लागत.

वयोमानाने गुरूंची दृष्टी मंदावली असावी, असा निष्कर्ष शिष्याने मनोमन काढला होता. आणि तो काढताना त्याला थोडेसे सुखही झाले होते.

पुढे गुरू आपल्या लेकीकडे गेले असता पेठेतील एक श्रीमंत व्यापारी दुकानात आला. त्याचे वडील मागल्या हिवाळ्यात निवर्तले होते. त्यांच्या गाण्याच्या यंत्रातील ट्रान्सफॉर्मर गंजून गेला होता. त्यावर नवा ध्वनिवर्धक बांधून हवा होता.

"दिवाणखान्यात ठेवायचा आहे," व्यापारी म्हणाला. "आल्यागेल्याने विचारले पाहिजे, शेठ, हे रूप कोणाच्या हातचे?"

शिष्याने त्या ट्रान्सफॉर्मरवर जीव ओतला. मोराच्या मानेसारखा गहिरा निळा रंग त्याने चार हात दिला आणि या वेळी पायांचे तळवेदेखील सोडले नाहीत. तो ज्यावर बसतो तो पेटीचा पत्राही त्याच रंगाने न्हाऊ घातला. यंत्र जोडून झाल्यावर त्याला लावलेल्या कर्ण्यातून किंचित घूं असा आवाज येत होता. कर्णा जुना असेल म्हणून त्याने तिकडे लक्ष दिले नाही. दुकानात तो जाड रबरी चटईवर उभा राहून काम करी, त्यामुळे हाताला वेगळे असे काही जाणवले नाही. व्यापारी हर्षभरित होऊन यंत्र घेऊन गेला.

काही दिवसांनी दिवेलागणीच्या सुमारास तोच व्यापारी दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला.

"तुम्ही त्यात काय घातले आहे?" त्याने हलक्या आवाजात विचारले.

"म्हणजे?"

"ते यंत्र माझ्या आईला ओळखते."

शिष्याला हसू आले. तथापि ते ओठांपर्यंत पोहोचले नाही. तो व्यापाऱ्याबरोबर निघाला.

दारात पादत्राणे काढून शिष्य आत गेला. दिवाणखान्यात एकच दिवा होता. कोपऱ्यातल्या तिवईवर ते निळे यंत्र आपले सारे तेज अंगावर घेऊन बसले होते. गाणे लागलेले नव्हते. तरी कर्ण्यातून एक सखोल, अखंड घूं येत होती, बंद दाराआड कोणी उच्छ्वास कोंडून बसावे तशी. शेजारच्या पाटावर, अनवाणी पाय फरशीला टेकवून, व्यापाऱ्याची वृद्ध आई बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तिने हात लांब करून चाचपडत तो ट्रान्सफॉर्मरवर ठेवला, आणि घूं तत्क्षणी थांबली.

तिने हात उचलला. घूं पुन्हा सुरू झाली.

"पाहिलेत?" व्यापारी कुजबुजला. "मी हात ठेवला तर थांबत नाही. मी त्यांचा मुलगा, पण माझ्यासाठी थांबत नाही."

"मला तर चावतात!" स्वयंपाकघराच्या दारातून स्वयंपाकीणबाई म्हणाली. तिचे हात ओले होते आणि ते तिने पदराखाली घट्ट धरले होते. "जिवंत होते तोवर आमटी खारट झाली म्हणून नावं ठेवली. आता पुसायला गेले की चावतात. मी नाही हो त्या कोपऱ्यात जायची."

"हे तुला चावायचे नाहीत," वृद्धा शांतपणे म्हणाली. आयुष्यभर पतीचे नाव न घेतलेली ती बाई आताही घेत नव्हती. "ह्यांना काही बोलायचं असतं. मी जवळ बसले की शांत होतात."

शिष्य पुढे झाला. आपल्याच हाताने घडवलेल्या त्या निळ्या रूपाला त्याने बोट लावले मात्र, घूं मंदावून विझली आणि त्याच्या बोटातून कोपरापर्यंत बारीक मुंग्या चढत गेल्या. त्या थंड नव्हत्या आणि उष्णही नव्हत्या. जणू आतून कोणी त्याचा हात कुणाचा आहे हे तपासून पाहत होते. त्याने हात मागे घेतला. घूं पूर्ववत झाली, आणि त्याला वाटले, ती आता किंचित नाराज आहे.

घरी परतताना तो दिव्यांच्या बाजूनेच चालला. यंत्र तपासावे, खोलावे, असे त्याच्या मनात आलेच नाही. भीतीपोटी कारागिराचाही विवेक असा सुटतो.

दुसऱ्या दिवशी गुरू परतले. शिष्याने सर्व वृत्तान्त सांगितला. गुरूंनी भलतेच काही विचारले.

"तुझ्या पायांत काय होते?"

"काही नाही, गुरुजी. वहाणा दारात काढल्या होत्या."

"आणि शेठच्या?"

"त्यांच्या पायांत घरातल्या सपाता होत्या."

गुरू उठले. त्यांनी एक लहान कानस आणि पेचकस पिशवीत टाकला. इतक्या लगबगीने चालताना शिष्याने त्यांना कधी पाहिले नव्हते.

व्यापाऱ्याने त्यांना अंगणातच अडवले. "गुरुजी, एक विनंती आहे. ते थांबवू नका. वडील गेल्यापासून आईने धड घास घेतला नव्हता. आता संध्याकाळी त्याच्याजवळ बसते आणि मग जेवते. तिथे जे काही असेल ते असू द्या."

गुरूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, परंतु वचन दिले नाही. आत जाऊन ते वृद्धेसमोर जमिनीवर बसले.

"आईसाहेब, हात ठेवल्यावर आपल्याला काय जाणवतं?"

वृद्धा लाजली. त्या वयात तिला तसे लाजताना पाहून शिष्याच्या अंगावर काटा आला.

"लग्नात अंतरपाट दूर झाला आणि माझा हात ह्यांच्या हातात दिला, तेव्हा अशाच मुंग्या आल्या होत्या," ती म्हणाली.

गुरू उठून यंत्राकडे गेले. मग त्यांनी विजेचे बटण बंद केले, भिंतीतली पिन उपसून काढली आणि यंत्र पालथे केले. चार हात रंगाने झळाळणाऱ्या त्या ट्रान्सफॉर्मरचा एक पाय त्यांनी सैल केला, त्याच्या तळव्यावर कानस टेकवली आणि खरवडायला सुरुवात केली. निळा भुगा फरशीवर पडू लागला. खालच्या पत्र्यावरही त्यांनी तितकीच जागा खरवडली.

"गुरुजी!" शिष्याच्या तोंडून निघून गेले. आपल्या सर्वोत्तम कामाला गुरू डाग लावीत आहेत, हे त्याला पाहवेना. गुरूंनी मान वर केली नाही. लोखंड उघडे पडल्यावर त्यांनी यंत्रातली हिरवी तार तेथे घट्ट आवळली, यंत्र सरळ केले, पिन लावली आणि बटण दाबले.

घूं आली नाही.

दिवाणखान्यात इतकी शांतता झाली की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज उद्धट वाटू लागला. वृद्धेने हात लांब केला, ट्रान्सफॉर्मरवर ठेवला, उचलला आणि पुन्हा ठेवला. तिचा चेहरा हळूहळू रिता होत गेला.

"गेले?" तिने विचारले.

व्यापाऱ्याने गुरूंकडे असे पाहिले की शिष्याने नजर खाली वळवली.

"शेठ," गुरू म्हणाले, "वडिलांच्या काळी इथे गाण्याच्या बैठकी होत, असं ऐकून आहे. त्यांची ध्वनिमुद्रित फीत असेल ना?"

"एक आहे. परवा दुपारी लावून पाहिली होती. तीत घूंशिवाय काही नाही."

"आता लावा."

फीत फिरू लागली. आधी खरखर ऐकू आली, मग तंबोऱ्याचा झंकार आणि कोणा गायकाचा संथ आलाप. स्वर स्वच्छ होते. गायक श्वास घेण्यासाठी क्षणभर थांबला, आणि त्या पोकळीत, अगदी जवळून, कोणीतरी घसा साफ केला. पाठोपाठ एक दबका, ओळखीचा आवाज आला:

"अगं, ऐकलंस का? पानाचं तबक पाठव बाहेर."

व्यापारी खुर्चीचा हात धरून उभा राहिला. दारात येऊन उभ्या राहिलेल्या स्वयंपाकीणबाईच्या हातातली पळी खाली पडली. वृद्धेने मात्र झटकन पदर डोक्यावर सारखा केला आणि पाटावरून अर्धवट उठत, नेहमीच्याच स्वरात उत्तर दिले:

"आणते हो."

मग ती थबकली. पुन्हा खाली बसली. तिच्या न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि त्याच वेळी ती हसतही होती.

"तबक काढ गं," थोड्या वेळाने ती स्वयंपाकीणबाईला म्हणाली. "आणि मला भूक लागली आहे. आमटीत मीठ बघून घाल."

परतीच्या वाटेवर शिष्याने विचारले.

"गुरुजी, मग त्या यंत्रात कोणीच नव्हतं?"

"होते ना. फितीत होते. त्या घूंखाली दबलेले. आपण घूंलाच ते समजून बसलो."

"आणि मुंग्या?"

गुरू थांबले. "अशा प्रत्येक यंत्रात थोडी वीज वाट चुकते. तिला जमिनीत परत जाण्यासाठी ती हिरवी तार असते, आणि ती तार त्या उघड्या लोखंडाला भेटावी लागते. तू तेथेही रंग दिलास. वाट बुजली. मग ती वीज कर्ण्यात घूं करत राहिली आणि जवळ येणाऱ्या प्रत्येक अनवाणी माणसाच्या अंगातून जमीन शोधू लागली; ती सापडली की घूं थांबे. आज ती मुंग्यांएवढी होती. आतली तांब्याची तार जुनी आहे. एखाद्या संध्याकाळी तिच्यावरचे वेष्टण फाटले असते, तर सगळा जोर त्या माउलीच्या हातातून गेला असता. आणि तो हात तिने प्रेमाने, आपण होऊन ठेवलेला असता. रूप सर्वांगाला द्यावे. परंतु ज्या जागी आपण जमिनीला टेकलेले असतो, ती जागा कोरीच ठेवावी. ती कोणाच्या पाहण्यात येत नाही आणि तिचे कोणी कौतुकही करत नाही."

"आपण मला हे आधी का सांगितलं नाही?"

"तू 'तेवढे राहिले' म्हणत होतास," गुरू सौम्यपणे म्हणाले. "'का राहिले' असे तू कधी विचारले नाहीस."

सकाळी दुकान उघडल्यावर शिष्याने फळीवरचा, आपण रंगवून ठेवलेला पहिला ट्रान्सफॉर्मर खाली घेतला. त्याच्या झळाळीकडे न पाहता त्याने तो पालथा केला, कानस हाती घेतली, आणि खरवडण्यापूर्वी पायांतल्या वहाणा काढून गार फरशीवर अनवाणी उभा राहिला.

आपल्या रंगकामाखाली अशी कोरी जागा उरली आहे की नाही, हे ज्याचे त्याने एकदा उलटून पाहावे.