मास्तरांच्या नावाची ओळ

"मग माझं पॅकेज एकाही नव्या मशीनवर का बसत नाही, मास्तर?"

डायसमास्तर पडवीत आरामखुर्चीवर टेकले होते. डोळे उघडे होते, पण त्यांना आता उजेड आणि सावली एवढंच कळायचं.

विचारणारी रेणुका भोईर. अख्ख्या वसईत मास्तरांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, आणि हे तिला स्वतःला चांगलंच ठाऊक! तिनं 'वाचक' नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता, तेच हे पॅकेज. पडद्यावरचं मराठी तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. अंध मुलांच्या शाळेत लिनक्सची नवी मशीनं आली होती. सोमवारी पोरं त्यांच्यापुढे बसणार होती आणि वाचक मुका. शाळेचा एक लॅपटॉप काखोटीला मारून ती धावत आली होती.

"मशीन म्हणतं काय?"

"म्हणतं, आधी 'उच्चार' हवा. तो मिळत नाही."

उच्चार म्हणजे मास्तरांनी घडवलेला आवाज. वाचकनं अक्षरं ओळखायची, उच्चारनं बोलायचं. डोळे होते तोवर मास्तरांनी तो निगुतीनं सांभाळला. मग तो जुना झाला, नव्या मशीनवर चालेना.

"दुसरा आवाज नाही का कुणाचा?"

"आहे की. नागपूरच्या पोरांचा, 'बोली'." तिनं नाक मुरडलं. "पण मी पॅकेजमध्ये स्पष्ट लिहिलंय, वाचकला उच्चारच लागेल. आणि बोली असेल त्या मशीनवर वाचक पाऊलही ठेवणार नाही."

"का गं? बोली काही बिघडवते?"

"नाही..."

"मग?"

"तुमच्या जागी कुणीही सोम्यागोम्या येऊन बसणार? मी असेपर्यंत तरी नाही!"

मास्तर खो खो हसले. रेणुकाचा पारा चढला. इथं आपला जीव तुटतोय आणि म्हाताऱ्याला हसू सुचतंय!

"बोलीची ओळ पूस," मास्तर म्हणाले. "आणि माझ्या नावाचीही."

तिची बोटं तिथंच थबकली...

"पूस म्हणतो ना."

तिनं पुसली.

"आता तिथं लिही, गरज मराठी-आवाजाची."

"पण या नावाचं पॅकेज आहे कुठं?"

"कुठंच नाही."

"जे नाहीच, त्याच्यावर भरवसा ठेवायचा?"

"जे आहे त्याच्यावर ठेवून पाहिलास ना?"

रेणुकानं 'मराठी-आवाज' लिहिलं.

"अगं, ते माणसाचं नाव नव्हे, कामाचं आहे," मास्तर सावकाश म्हणाले. "जो ते काम करील त्यानं ते नाव लावावं. मी उच्चारला लावलं होतं. नागपूरच्या पोरांनी बोलीला लावलंय."

"त्यांना कुणी सांगितलं लावायला?"

"मीच. फोन आला होता त्यांचा. गुणी आहेत पोरं."

रेणुकानं पॅकेज पुन्हा बांधलं आणि लॅपटॉपवर चढवलं. वाचकनं मराठी आवाज मागितला, मशीननं बोली आणून दिली. कुठं काही अडलं नाही.

तिनं शाळेच्या पुस्तकातला पहिला धडा उघडला. लॅपटॉपमधून एका मुलीचा खणखणीत आवाज आला. हेल थेट नागपूरचा. रेणुका चूक शोधायला टपून बसली होती. 'बाभळीखाली' आलं, 'ळ' अगदी जिथल्या तिथं. 'ज्ञानेश' आलं, तेही चोख. तिला सोमवारची पोरं दिसायला लागली, कान टवकारून बसलेली, आणि तिला इतका आनंद झाला की डोळेच भरून आले.

मग एकदम चुटपुट लागली.

"मास्तर... आता तुमचा आवाज कुणी ऐकायचा?"

मास्तर उठले. चाचपडत ती बसली होती त्या बाकापाशी आले, लॅपटॉपच्या आवाजाच्या रोखानं मान वळवली.

"माझा पुष्कळ ऐकला सगळ्यांनी. सरक जरा, आता मला ऐकू दे."